चेन पुन्हा पुन्हा उतरते?

परवा पौषात चार दिवस माहेरी जाऊन आले. माझे माहेर बोदलकसा. गोंदिया जिल्हा, तिरोडा तालुका. (आमच्या लहानपणी हा सगळा भाग भंडारा जिल्ह्यात होता. गोंदिया जिल्हा वेगळा झाला १९९९ साली, पण माझ्या तोंडी अजून भंडाराच येते.) हिवाळ्यात पाखरे बघायला तुमच्यापैकी कुणी तिथल्या तलावावर गेलाही असाल. १९१७ सालचे धरण, त्याची लांब मातीची पाळ आणि चहूकडे नागझिऱ्याच्या अंगाचे जंगल. पाहुण्यांना ते सारे फार रम्य वाटते. पण ज्या घरातली मुलगी शिकायला रोज त्या रस्त्याने सायकलवर जाते, त्या घरातल्या बाईला विचारा! दिवस मावळू लागला की तिचे लक्ष चुलीवरच्या भातात नसते, रस्त्यावर असते.

मी पोचले त्या दिवशी असेच झाले. दिवेलागण झाली, गुरे परतली, तरी माझी भाची आली नाही. वहिनी चार वेळा दाराशी जाऊन आल्या. शेवटी सायकल हाताने ढकलत पोरगी आली. हात कोपरापर्यंत काळे, ओढणीला वंगण.

"काऊन बाई, एवढा उशीर?"

"चेन पडली आई. तीनदा पडली."

बस. वहिनींचा बांध फुटला. "आता बारावीचं राहू दे. जंगलाच्या रस्त्याला अंधारात पोरगी एकटी उभी राहते, ते मले नाही पाहवत. त्यापेक्षा घरी राहिलेली बरी."

भाऊ बिचारा चाट पडला. म्हणाला, "अगं, महिन्याखालीच तर नवीन चेन टाकली!"

मैत्रिणींनो, ह्या एका वाक्यापाशी मी थांबले. नवी चेन टाकली, तरी चेन उतरते. हे कसे? आणि त्यापायी एका हुशार मुलीचे शिक्षण अडायचे? तुम्ही म्हणाल, नवी सायकल घेऊन द्यावी. जरूर द्यावी, ऐपत असेल तर. पण ही सायकल तिच्या आजोबांची. काळी, चोवीस इंची, दांड्याची. फ्रेम अजून दगडासारखी भक्कम आहे. बिघडले होते ते दुसरेच काही, आणि ते शोधायला आम्हां दोघींना एक फूटपट्टी पुरली.

सायकलचा आपण बायका जन्मभर उपयोग करतो, पण ती कशी चालते हे बघण्याचे काम मात्र घरातल्या पुरुषांवर नाही तर मिस्त्रीवर सोडून देतो. शिवणयंत्राची बॉबिन बदलणारी, कुकरची रिंग पारखून घेणारी बाई सायकलच्या चेनपुढे का दबते, हे मला काही कळत नाही. त्यात कुकरपेक्षा जास्त काही नाही.

पायडल आपण मारतो, त्याने पुढचे मोठे दातेरी चाक फिरते. ते चेनव्हील. त्यावरून चेन मागे जाते आणि मागच्या चाकावरचे लहान दातेरी चाक फिरवते. ते फ्रीव्हील, मिस्त्री लोकांच्या भाषेत फ्रायवील. पायडल थांबवले तरी सायकल उतारावर पळत राहते आणि मागून कटकट आवाज येतो, तो ह्याच्या पोटातून. आत दोन बारीक खिट्या असतात, त्यांना मिस्त्री 'कुत्रे' म्हणतात. पुढे जोर लावला की कुत्रे आतल्या दात्यांना धरतात, थांबले की सोडून देतात. इतकेच.

आता चेन. आपण म्हणतो, चेन 'ताणली', 'ढिली झाली'. खरे म्हणजे लोखंड ताणले जात नाही. चेनच्या प्रत्येक कडीत एक पिन असते, तिच्याभोवती नळी, त्यावर फिरणारा रूळ. धूळ आणि तेल मिळून जे काळे काजळ तयार होते, ते पिन आणि नळी ह्यांच्यामध्ये सहाणेसारखे घासत राहते. प्रत्येक जोड केसभर झिजतो. असे शंभरावर जोड. सगळे मिळून चेन लांब होते. मग कड्यांतले अंतर दात्यांतल्या अंतराशी जुळेनासे होते. चेन दात्याच्या मुळाशी न बसता वर चढून बसते आणि दात्यांनाही आपल्या मापाने खाऊ लागते.

इथेच आमच्या घरच्या कोड्याचे उत्तर होते. घरातला जुना पाटा आठवा. पाटा आणि वरवंटा एकमेकांच्या संगतीने झिजतात. त्या खोलगट झालेल्या पाट्यावर कोरा सरळ वरवंटा आणून ठेवा, चटणी वाटली जात नाही. कडेला टेकतो, मधे पोकळ राहतो. चेन आणि फ्रीव्हील ह्यांचे तसेच आहे. अनेक वर्षे एकत्र झिजलेली जोडी कशीबशी चालत होती. त्यातली एकच बदलली, आणि नव्या चेनने जुन्या दात्यांशी जुळवून घ्यायला साफ नकार दिला. चढावर जरा जोर लावला की खट्कन दाता सोडायचा. त्यातून मागचे चाक नीट ओढलेले नसले तर चेन उतरून मोकळी. भावाने मिस्त्रीला सांगितले होते, चेन टाक. त्याने चेन टाकली. फ्रीव्हीलकडे बघायला त्याला कुणी सांगितले नव्हते, आणि त्यानेही पाहिले नाही.

दुसऱ्या दिवशी रविवार. सकाळी उन्हात आम्ही सायकल स्टँडवर लावली. भाचीला म्हटले, आण तुझी फूटपट्टी. स्टीलची हवी, शिवणकामाची कापडी टेप ओढली की वाढते, ती ह्या कामाला मुळीच नको. सायकलची चेन सगळीकडे अर्ध्या इंचाच्या मापाची असते, म्हणजे एका पिनेपासून दुसऱ्या पिनेचे अंतर अर्धा इंच. सुतार आणि मिस्त्री ह्यांच्या हिशेबात चार सूत, कारण इंचाचे आठ सूत. तेव्हा एका पिनेच्या मध्यावर पट्टीचे शून्य धरावे आणि तिच्या पुढच्या चोवीस पिना मोजाव्यात. चोविसावी बरोबर बारा इंचांवर आली, तर चेन चांगली. अर्धा सूत पुढे गेली, तर नव्या चेनचे पैसे बाजूला काढावेत. एक सूत पुढे गेली, तर चेनबरोबर दातेही गेले असे समजावे. मापताना चेन सैल लोंबती नको. पायडलवर हात दाबून ताणून धरावी. आणि हो, चेनला बोट लावलेले असताना दुसऱ्या कुणाला पायडल फिरवू देऊ नये. लहान मुले जवळ असतील तर त्यांना आधी दूर पाठवावे. दात्यांत सापडलेले बोट मी पाहिले आहे, वर्णन करत नाही.

नवी चेन मोजली. बरोबर बारा. जुनी चेन भावाने टाकून दिली नव्हती, गोठ्याच्या खुंटीला होती. ती मोजली तर चोविसावी पिन पट्टीच्या बाहेर, एक सुताहून जास्त. भाची माझ्याकडे बघू लागली. "म्हणजे आत्या, हिनं फ्रायवील खाल्लं?"

"खाल्लं का ते तूच बघ."

फ्रीव्हीलचे दाते नवे असताना दोन्ही अंगांनी सारखे असतात, मंदिराच्या शिखरासारखे. आमचे दाते एका बाजूला वाकून वाघनखासारखे झाले होते. पुढचे चेनव्हील पाहिले. ते मात्र बरे होते. ह्यालाही कारण आहे. पुढे चव्वेचाळीस दाते, मागे अठरा. पुढचे चाक एकदा फिरते तेव्हा मागचे जवळजवळ अडीच वेळा फिरते. म्हणजे मागच्या प्रत्येक दात्यावर अडीचपट काम. घरातल्या धाकट्या सुनेसारखे! आधी तेच झिजायचे. पुढच्या चाकाची परीक्षा सोपी आहे: चेनव्हीलच्या अगदी पुढच्या टोकाला चेन चिमटीत धरून पुढे ओढावी. दात्यावर घट्ट बसून राहिली, तर ठीक. उचलली जाऊन खालचा दाता अर्धा दिसू लागला, तर काहीतरी झिजलेले आहे. चेन नवी असेल तर चेनव्हीलच.

आणखी एक दुखणे सापडले. पायडलचा दांडा, म्हणजे क्रँक, हाताने हलवला तर टक् टक् वाजत होता. भाची म्हणाली, हा आवाज तर वर्षभर आहे. हा आवाज पुष्कळ घरच्या सायकलींना असतो आणि आपण तो ऐकून न ऐकल्यासारखे करतो. क्रँक ज्या आडव्या आसावर बसतो तिथे एक तिरपी पाचर ठोकलेली असते, ती कॉटर पिन. ती झिजली की क्रँक आसावर हलतो, पायडल मारताना प्रत्येक फेरीला टक् असे होते आणि चेनव्हील डुलते. डुलणाऱ्या चाकावर चेन सरळ कशी चालणार? एक बोटभर पिन; पण बेसावध क्षणी निखळली तर पाय घसरून माणूस तोंडावर पडतो.

आता थोडे विषयांतर करते, पण ते उपयोगी आहे. माझा नागपूरचा भाचा (धाकट्या बहिणीचा, इंजिनियरिंगला आहे) फोनवर म्हणाला, "मावशी, ही कॉटर वगैरे सगळी जुनी पद्धत. आता चौकोनी आसाचे क्रँक येतात, त्यात कॉटरच नसते. आणि मागे सहा-सात गिअरचं फ्रीव्हील टाका." मुलगा हुशार आहे, त्याचे खरेही आहे. पण जुन्या काळ्या सायकलचा मागचा चिमटा अरुंद असतो. एका फ्रीव्हीलपुरती जागा. गिअरवाले बसवायचे तर चिमटा फाकवा, रुंद हब घ्या, चेन पातळ घ्या, चेन ताणायचा निराळा हात लावा, चेनकव्हर काढून टाका. ओढणी आणि साडी नेसणाऱ्यांच्या सायकलचे चेनकव्हर काढायचे म्हणजे काय, हे त्याला कुठून कळावे? आणि उद्या त्यातले काही मोडले तर सुट्या भागासाठी नागपूर गाठायचे. मी तर म्हणते, जो भाग आपल्या आठवडी बाजारात मिळतो आणि जो बसवायला जवळचा मिस्त्री जाणतो, तोच आपल्या सायकलला चांगला. कॉटर पिन जुनी खरी. पण ती कोपऱ्यावरच्या टपरीत मिळते.

आणि मिळते का, ह्याचीही गंमत आहे. आज आपण जी चेन वापरतो, तिचा रूळवाला नमुना मँचेस्टरमध्ये हान्स रेनॉल्ड ह्यांनी १८८० साली काढला. मागच्या चाकाला चेन लावलेली, दोन सारख्या चाकांची 'रोव्हर' सायकल इंग्लंडात जॉन केम्प स्टार्ली ह्यांनी १८८५ साली आणली. आपल्याकडे स्वातंत्र्यानंतर मद्रासजवळ टीआय, आसनसोलला सेन-रॅले, सोनीपतला अ‍ॅटलास, लुधियानाला १९५६ साली हीरो असे कारखाने निघाले, ते सारे ह्या विलायती वळणाच्याच काळ्या सायकली काढू लागले. चेन तीच अर्ध्या इंचाची. त्यामुळे आजोबांच्या सायकलला नातीच्या काळातले फ्रीव्हील बसते. अ‍ॅटलासचा साहिबाबादचा कारखाना ३ जून २०२० रोजी बंद पडला, आणि तो दिवस नेमका जागतिक सायकल दिनाचा! पण त्या सायकली ज्यांच्या घरी आहेत त्यांचे काही अडलेले नाही. सुटे भाग इतरांचे चालतात. शिवणयंत्राच्या सुया जशा कुणाच्याही यंत्राला चालतात, तसे.

सरकारच्या मानव विकास कार्यक्रमातून राज्यातल्या मागास तालुक्यांत आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकली मिळतात. तुमच्या घरी तशी असेल तर तिलाही हेच सगळे लागू आहे. सायकल मिळते तेव्हा फोटो निघतो. दोन वर्षांनी चेन झिजते तेव्हा कुणी येत नाही.

सोमवारी धानाची पोती न्यायला टेम्पो आला, त्यातच सायकल टाकून आम्ही दोघी तिरोड्याला गेलो. भाचीने कॉलेज बुडवले, वहिनी म्हणाल्या, "बुडवायचंच आहे, तर बुडू द्या." त्यांचा निर्धार अजून कायम होता, हे मी मुद्दाम सांगते आहे.

दुकानदाराने सायकल पाहून एकदम सांगितले, "ताई, पूर्ण सेट बदलून घ्या. चेन, चेनव्हील, क्रँक, फ्रायवील, सगळं." एरवी मी मान डोलावून पैसे मोजले असते. पण पोरगी म्हणाली, "काका, चेन बारा इंच बरोबर आहे. चेनव्हीलवर बसते पण नीट. फ्रायवील आणि दोन कॉटर द्या." दुकानदाराने चष्मा वर केला, चेन ओढून पाहिली आणि म्हणाला, "बरोबर हाय." मग मात्र त्याने आमच्याशी फार आपुलकीने व्यवहार केला. फसवायचे त्याच्या मनात होते असे मी म्हणत नाही. सगळेच बदलले की तक्रार येत नाही, एवढाच त्याचा हिशेब.

फ्रीव्हील घेताना एक गोष्ट मी मुद्दाम विचारली: वीस दात्यांचे आहे का? आमचे होते अठराचे. ही युक्ती लिहून ठेवा, कारण मिस्त्री आपण होऊन सांगत नाही. पुढे चव्वेचाळीस आणि मागे अठरा दाते असले, चाक अठ्ठावीस इंची असले, की पायडलच्या एका फेरीत सायकल सुमारे १८ फूट जाते. मागे वीस दाते लावले तर सुमारे १६ फूट. सपाटीवर पाय थोडे जास्त मारावे लागतात. पण चढावर, किंवा कॅरिअरवर तांदळाचे पोते असले, की पायावरचा भार दहाव्या हिश्शाने कमी होतो. बावीस दात्यांचेही मिळते, त्यात १४-१५ फूट. ज्यांना रोज ओझे न्यायचे त्यांनी ते घ्यावे. मुलीला लांब पल्ला असतो म्हणून आम्ही वीसवर थांबलो. दाते वाढले की चेन थोडी जास्त लागते, पण दोन दात्यांसाठी मागचे चाक दोन सूत पुढे सरकवले की भागते.

जुने फ्रीव्हील काढणे हे मात्र घरी करायचे काम नव्हे. ते आट्यांवर बसवलेले असते आणि पायडलच्या प्रत्येक फटक्याने आणखी घट्ट होत जाते. आजोबांनी, भावाने, आता नातीने, तिघांनी मिळून ते किती वर्षे कसले असेल! मिस्त्रीने आधी तेल सोडून चहा घेतला. मग फ्रीव्हीलचे वरचे झाकण काढले (त्याचे आटे उलटे असतात, सुटते ते घड्याळाच्या दिशेने), त्याबरोबर मोहरीसारखे छर्रे टपटप सांडले. आतला गाभा वाईसमध्ये आवळला आणि आख्खे चाक मोटारीच्या स्टिअरिंगसारखे धरून फिरवले. दोन मिनिटे काही हलेना. मग कर्र असा आवाज झाला आणि सुटले. नवे बसवायला जोर लागत नाही: आट्यांना बोटभर ग्रीस, हाताने सावकाश सरळ फिरवायचे, पुढचे कसणे पायडल करते. पहिले आटेच तिरपे गेले तर मात्र हबच बाद, म्हणून तिथे घाई नको.

कॉटर पिना काढताना मिस्त्रीने नट पुरता काढला नाही, पिनेच्या टोकाशी बरोबर येईपर्यंतच सैल केला, म्हणजे हातोडीने आटे चेपत नाहीत. क्रँकखाली लोखंडी नळीचा टेकू दिला आणि मग एकच दणका. टेकू न देता ठोकणारा मिस्त्री दिसला तर खुशाल थांबवा. तो दणका आतल्या छर्ऱ्यांवर जातो. आसही बाहेर काढून पाहिला. छर्रे फिरतात त्या जागी देवीच्या वणासारखे खड्डे. तो बदलला, दोन्ही बाजूंना अकरा-अकरा नवे छर्रे ग्रीसमध्ये बसवले. नव्या कॉटर कानशीने जरा घासून घ्याव्या लागतात, तिरप्या बाजूने आसाच्या खाचेवर पूर्ण टेकल्या पाहिजेत. आणि दोन्ही कॉटर एकमेकींच्या उलट्या दिशेने घालायच्या. एकाच दिशेने घातल्या तर दोन्ही पायडले एका सरळ रेषेत राहत नाहीत, लंगडल्यासारखे वाटते.

शेवटी चेन. तिच्या जोडाला स्प्रिंगची एक चिमुकली क्लिप असते, माशासारखी. तिचे बंद तोंड चेन ज्या दिशेने धावते तिकडे हवे आणि शेपटी मागे. उलटी लावली तर कशाला अडकून निघू शकते. खालच्या बाजूला मध्यावर बोटाने दाबले तर चेन अर्धा इंच वर-खाली झाली पाहिजे. पायडल सावकाश फिरवून चार ठिकाणी बघावे, कारण चेनव्हील कधीच अगदी गोल नसते. तारेसारखी ताठ केलेली चेनही वाईट, ती छर्रे खाते.

हे सगळे चालू असताना बाजूला दोन बायका पंक्चर काढायला उभ्या होत्या. एकीने विचारले, "पोरगी जेन्ट्स सायकल चालवते?" मला पुदुकोट्टईची आठवण झाली. तमिळनाडूतल्या ह्या जिल्ह्यात १९९० नंतरच्या साक्षरता मोहिमेत हजारो खेड्यातल्या बायका सायकल शिकल्या. लेडीज सायकली पुरेनात, तेव्हा त्यांनी जेन्ट्सच चालवल्या. कित्येकींना तर त्याच आवडल्या, कारण दांड्यावर मूल बसवता येते. मी हे त्यांना सांगितले. दुसरी म्हणाली, "आमच्या घरी तशी एक पडून हाय." पुढे काय झाले ठाऊक नाही.

आता निगेचे थोडे. चेनला दर आठ-पंधरा दिवसांनी आधी कोरड्या फडक्याने पुसावे, मग प्रत्येक जोडावर थेंब-थेंब तेल सोडावे, पायडल उलटे फिरवावे आणि वरचे तेल पुन्हा पुसून टाकावे. तेल आत हवे, बाहेर नको. बाहेरचे तेल धूळ धरते. पावसात भिजली तर त्याच संध्याकाळी पुसावी. आणि खोबरेल तेल? आमच्या वहिनींनी हेच केले होते! "घरात होतं ते टाकलं," म्हणाल्या. पौषातल्या थंडीत बाटलीतले खोबरेल कसे थिजते ते आपण रोज बघतो. फ्रीव्हीलच्या पोटातही तसेच थिजते. मग कुत्रे चिकटून बसतात आणि थंड सकाळी पायडल नुसतेच फिरते, सायकल जागेवर. तिथे शिवणयंत्राचे पातळ तेल घालावे. फार चिकटले असेल तर आधी रॉकेलने धुवावे. रॉकेल आता मिळणे मुश्कील, तेव्हा थोडे डिझेल चालेल. पण हे काम अंगणात, चुलीपासून आणि विडी-काडीपासून लांब करावे. चिंध्या घरात साठवू नयेत. हाताचे काळे घालवायला आधी थोडे गोडे तेल चोळावे, मग राख किंवा बेसन, मग साबण. ओढणीवरचा डाग असाच आधी तेलाने सैल करून घ्यावा. थेट पाणी लावले तर तो कायमचा बसतो.

पायडल स्वतः बदलायचे असेल तर एक लक्षात ठेवा: डाव्या पायडलचे आटे उलटे असतात. पाना वरच्या बाजूला धरून मागच्या चाकाकडे ओढला की दोन्ही बाजूंची पायडले सुटतात. हे माहीत नसल्यामुळे आमच्या भावाने एक क्रँक फुकट घालवला होता.

खर्च? फ्रीव्हील, आस, छर्रे, दोन कॉटर आणि मजुरी धरून नव्या सायकलच्या किमतीपुढे अगदी किरकोळ. आकडा लिहीत नाही, गावोगाव दर वेगळा. जुने काढलेले भाग मात्र मागून घ्यावेत; काय बदलले ते आपल्या डोळ्यांनी दिसते. भाचीने वाकड्या दात्यांचे ते फ्रीव्हील आईला नेऊन दाखवले. वहिनींनी ते हातात फिरवून पाहिले, दात्यावरून अंगठा फिरवला. काही बोलल्या नाहीत. मंगळवारी सकाळी डबा मात्र नेहमीसारखा भरला.

त्या दिवशी पोरगी उजेड असताना घरी आली. बुधवारीही. गुरुवारी मी निघाले, तेव्हा वहिनी फूटपट्टी घेऊन शेजारणीच्या सायकलपाशी वाकल्या होत्या आणि पिना मोजत होत्या. अठरापर्यंत गेल्या, चुकल्या, पुन्हा पहिल्यापासून.

निघताना भाचीला बजावले होते: नव्या कॉटर चार-आठ दिवस चालवल्यावर आणखी आत बसतात, मग नट पुन्हा कसावे लागतात. तसे नाही केले तर टक् टक् परत सुरू. काल फोन करून विचारले, कसलेस का नट?

"भुलली, आत्या."

तुम्ही भुलू नका.